विंडोज ११ + व्हर्च्युअलबॉक्स + व्हेग्रंटवर जँगो: रनसर्व्हर चालतंय पण ब्राउझरमध्ये पान येत नाही

ओझरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

नात्यातल्या एका काकांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाउस आहे, त्यांच्यासाठी क्रेटची आवक-जावक आणि वजनाच्या पावत्या एवढंच करणारं एक छोटं वेब ॲप जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) बनवतोय. आत्ता छाटण्या उरकल्यात, माल जानेवारीपासून शेडवर यायला लागेल, तोपर्यंत उभं करून द्यायचंय. इतके दिवस सगळं थेट विंडोजवरच चालू होतं, पायथन टाकलं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या पायथन पॅकेजेसचा वेगळा कप्पा) केलं, डेटाबेस एसक्यूलाइट, काही तक्रार नव्हती. पण काकांना पावती मराठीतून आणि पीडीएफमध्ये पाहिजे, शेतकऱ्याला तिथल्या तिथे व्हॉट्सॲप करता यावी म्हणून. त्यासाठी वीझीप्रिंट (पीडीएफ बनवणारी पायथन लायब्ररी) घेतलं तर ते विंडोजवर पँगोच्या (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) डीएलएल फाइली मागत बसतं, एक मिळाली की दुसरी नाही. आणि तसंही शेवटी ॲप जाणारे उबंटू लिनक्सच्या सर्व्हरवर, मग म्हटलं इथेच व्हीएममध्ये (लॅपटॉपच्या आत चालणारं आभासी मशीन) उबंटू घेऊन डेव्हलपमेंट करावं, म्हणजे नंतर सर्व्हरवर गेल्यावर रडारड नको.

लॅपटॉप विंडोज ११ होम, आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी, एसएसडी आहे. आधी उबंटू डेस्कटॉपची पाच-सहा जीबीची आयएसओ उतरवून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) टाकली, पण माउस हलवला की बाण निवांत मागून येतो. त्या खिडकीत खाली कोपऱ्यात कासवाचं चित्र पण दिसतं, ते काय प्रकरण आहे कळलं नाही. मग एका मित्राने व्हेग्रंट सांगितलं, ते एका फाइलवरून व्हीएम आपोआप उभी करतं. व्हेग्रंट अप होतंय, एसएसएचने आत जाता येतंय, आत उबंटू २४.०४ आहे. आता अडलंय ते असं:

रनसर्व्हर (जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर सुरू करायची कमांड) दिलं की टर्मिनलवर सगळं व्यवस्थित दिसतं, १२७.०.०.१:८००० वर सर्व्हर सुरू झाला म्हणून सांगतं, पण विंडोजच्या क्रोममध्ये लोकलहोस्ट:८००० टाकलं की कनेक्शन रीसेट झालं असं येतं. व्हेग्रंटफाइलमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची (विंडोजच्या पोर्टवर आलेलं व्हीएमकडे पाठवणारी) ओळ आहे, गेस्ट म्हणजे व्हीएम ८०००, होस्ट म्हणजे विंडोज ८०००. फायरवॉल बंद करून पण बघितली, फरक शून्य.

दुसरं म्हणजे, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनतच नाही, एरर ७१, प्रोटोकॉल एरर. नुसतं पिप (पायथनची पॅकेजेस टाकायची कमांड) वापरायला गेलं तर उबंटू म्हणतं हे पायथन बाहेरून मॅनेज केलेलं आहे, इथे टाकायचं नाही. म्हणून सध्या ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेसवालं ऑप्शन लावून भागवलंय, पण नावावरूनच भीती वाटते राव.

कुणी नाशकात असा सेटअप रोज वापरत असेल तर सांगा, मी कॉलेज रोडपर्यंत लॅपटॉप घेऊन यायला पण तयार आहे, चहा आपल्याकडून.

टर्मिनल_सातपूर

चहा राहू दे, पहिला प्रश्न इथेच सुटतो.

फायरवॉल परत चालू कर आधी, तिचा काही संबंध नाही. तू जे १२७.०.०.१ बघतोयस ते व्हीएमचं स्वतःचं १२७.०.०.१ आहे, तुझ्या विंडोजचं नाही. जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर डीफॉल्टने फक्त त्याच पत्त्यावर ऐकतो, म्हणजे व्हीएमच्या आत बसलेल्यालाच तो दिसतो. फॉरवर्ड होऊन आलेली रिक्वेस्ट व्हीएमच्या नेटवर्क कार्डावरून आत येते, तिथे कुणी ऐकतच नसतं. म्हणून रनसर्व्हरच्या पुढे ०.०.०.०:८००० दे, मग तो सगळ्या कार्डांवर ऐकेल आणि क्रोममध्ये लोकलहोस्ट:८००० तसंच उघडेल.

एक ओळखायची खूण सांगून ठेवतो, मला फार उपयोगी पडते. ब्राउझर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणाला तर समजायचं की विंडोजच्या बाजूला पोर्टच उघडलेलं नाही, म्हणजे फॉरवर्डिंगची ओळ लागू झालेली नाही, ओळ टाकल्यावर व्हेग्रंट रीलोड केलं नसेल तर हेच होतं. आणि 'रीसेट' किंवा 'एम्प्टी रिस्पॉन्स' म्हणाला तर फॉरवर्डिंग चालू आहे, व्हर्च्युअलबॉक्सने फोन उचललाय, आत जोडून द्यायला माणूस नाहीये. तुझं दुसरं आहे. आत एसएसएच करून कर्ल कमांडने १२७.०.०.१:८००० मागून बघ, तिथे पान येत असेल तर शंभर टक्के हेच.

अजून एक, फॉरवर्डिंगच्या ओळीत होस्ट आयपी म्हणून १२७.०.०.१ लिही. नाहीतर व्हेग्रंट ते पोर्ट लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्कवर उघडं ठेवतं, म्हणजे कॅफेच्या वायफायवर बसलास की शेजारच्या टेबलावरून पण तुझ्या पोर्टपर्यंत पोचता येतं. डीबग चालू असलेला सर्व्हर लोकांना दाखवायची वस्तू नाही.

आणि पुढे जर फॉरवर्डिंगऐवजी प्रायव्हेट नेटवर्क घेऊन १९२.१६८.५६.१० वगैरे पत्त्यावरून उघडलंस तर जँगो ४०० मारेल, डिसअलाउड होस्ट. डीबग चालू असताना आणि अलाउड होस्ट्सची यादी रिकामी असताना तो फक्त लोकलहोस्ट आणि त्याच्या भावंडांना आत घेतो. तेव्हा यादीत तो एक आयपी घाल. युट्यूबवर सगळे तिथे स्टार टाकायला सांगतात, तो स्टार मग तसाच सर्व्हरवर जातो.

नवा_भिडू

भाऊ ८ जीबीत व्हर्च्युअलबॉक्स कशाला घेऊन बसलायस, डब्ल्यूएसएल टू (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाक ना सरळ. विंडोज होमवर पण चालतं, एका कमांडमध्ये उबंटू येतं, लोकलहोस्ट आपोआप जोडलं जातं, पोर्ट फॉरवर्डिंगची भानगडच नाही. वीझीप्रिंट तिथे पण चालेल. व्हेग्रंट आता म्हाताऱ्यांचं झालं.

सर्व्हरकाका

म्हातारा हजर आहे 🙂

डब्ल्यूएसएल वाईट नाही, पोरांना मी पण तेच सांगतो. पण ह्याचं कारण वेगळं आहे, त्याला सर्व्हरसारखंच यंत्र हवंय जे पाहिजे तेव्हा पाडून परत उभं करता येईल, आणि ते कसं उभं राहिलं हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असेल. व्हेग्रंटची मजा तीच आहे. उद्या ह्याच्या जोडीला दुसरा पोरगा आला तर तो रेपो (गिटमधलं कोडचं भांडार) घेईल, व्हेग्रंट अप म्हणेल आणि चहा पिऊन येईल. डब्ल्यूएसएलमध्ये पण हे जमवता येतं, पण तिथे लोक हाताने आत जाऊन टाकत बसतात आणि महिन्याभराने काय काय टाकलं ते कुणालाच आठवत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्हेग्रंटचं लायसन्स बदललं हे खरं, ओपन सोर्स उरलं नाही, पण स्वतःच्या डेव्हलपमेंटसाठी वापरायला आडकाठी नाही. त्याचा एक परिणाम मात्र आहे, उबंटूवाल्यांनी २४.०४ पासून स्वतःचे बॉक्स (व्हेग्रंटसाठी तयार व्हीएम) देणं थांबवलं. २४.०४ साठी बेंटो नावाच्या प्रकल्पाचा बॉक्स घ्यावा, त्यात गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीएममधले ड्रायव्हर) आधीच टाकलेल्या असतात, त्यामुळे शेअर्ड फोल्डरला त्रास होत नाही.

आता कासवाबद्दल. ते कासव म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स सांगतंय की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय मला थेट मिळालेली नाही, विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) आधीच तिच्यावर बसलाय आणि मी त्याच्यामार्फत कामं करून घेतोय. म्हणून हळू. विंडोज ११ मध्ये हे बहुतेकदा कोअर आयसोलेशनमधल्या मेमरी इंटिग्रिटीमुळे असतं, किंवा तू कधीतरी डब्ल्यूएसएल नाहीतर डॉकर टाकून सोडून दिलेलं असतं त्यामुळे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसतंय का ते बघ. तुझी व्हीएम चालू होतेय म्हणजे दिसेलच, ज्यांची होतच नाही त्यांनी बायोसमध्ये जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम नावाचं ऑप्शन चालू करायचं.

घालवायचं असेल तर विंडोज फीचर्समधून व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म काढायचे, मेमरी इंटिग्रिटी बंद करायची, तरी गेलं नाही तर ॲडमिन टर्मिनलमधून बीसीडीएडिटने हायपरव्हायझर लाँच टाइप ऑफ, आणि रीस्टार्ट. पण थांब. एक तर हे केलं की डब्ल्यूएसएल टू आणि डॉकर डेस्कटॉप बंद पडणार. दुसरं, मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची गोष्ट आहे, ती बंद करणं फुकट नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, बूटच्या सेटिंगला किंवा बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की काढून फोनमध्ये नाही, कागदावर लिहून ठेव. होम एडिशनवर पण डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असतं पुष्कळदा आणि माणसाला पत्ताच नसतो, मग निळा पडदा येतो आणि ४८ आकडी नंबर मागतो.

माझं मत विचारशील तर कासव राहू दे. डेस्कटॉपवाली व्हीएम उडवून टाक. वेब ॲप लिहायला व्हीएममध्ये खिडक्या-माउस लागतातच कशाला, एडिटर विंडोजवर, ब्राउझर विंडोजवर, आत फक्त बिनचेहऱ्याचा उबंटू सर्व्हर. त्याला २०४८ एमबी रॅम आणि दोन सीपीयू दे, जँगो आणि पोस्टग्रेस डेटाबेस मिळून त्यात आरामात बसतात, कासवासकट. ४ जीबी देऊ नकोस, बाकीच्या चारात विंडोज आणि क्रोम भांडत बसतील.

कोडवाली_ताई

काकांनी मशीनचं सांगितलं, मी फोल्डरचं सांगते, कारण एरर ७१ वर कुणी बोललंच नाही.

पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनताना आत सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नुसतं बोट दाखवणारी फाइल) टाकतं, लिब ६४ नावाची एक तर हमखास असते. तुझा शेअर्ड फोल्डर दिसायला लिनक्समध्ये असला तरी खरा विंडोजच्या डिस्कवर आहे, आणि तिथे सिमलिंक बनवायची परवानगी साध्या युजरला नसते. म्हणून प्रोटोकॉल एरर. लोक सांगतील टर्मिनल ॲडमिन म्हणून उघड मग होतं, होतं पण ते करू नकोस. एन्व्हायर्नमेंट शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायचंच नसतं. ते व्हीएमच्या आत, व्हेग्रंट युजरच्या होममध्ये बनव, आधी एपीटीने (उबंटूत पॅकेज टाकायची कमांड) पायथन३-व्हेन्व्ह पॅकेज टाकावं लागेल. एकदा ते ॲक्टिव्हेट केलं की पिप गुमान चालतं आणि ते सिस्टिम मोडणारं ऑप्शन लागत नाही. जे आधीच सिस्टिममध्ये टाकून झालंय ते निस्तरत बसू नकोस, व्हेग्रंट डिस्ट्रॉय कर आणि नवीन उभं कर, व्हीएम असते कशासाठी.

माझा नियम साधा आहे, जे मी हाताने लिहिते ते शेअर्ड फोल्डरमध्ये, जे मशीन बनवतं ते व्हीएमच्या पोटात. म्हणजे कोड बाहेर. एन्व्हायर्नमेंट, पोस्टग्रेसचा डेटा, नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्टची पॅकेजेस) सगळं आत. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधून एकेक फाइल उघडणं म्हणजे एकेका वाटीसाठी नाशिकरोडहून पंचवटीला जाऊन येणं, दहा फाइली असतील तर कळत नाही, नोड मॉड्यूल्सच्या हजारो असतील तर जेवण होतं. पोस्टग्रेसचा डेटा तर चुकून पण तिथे नको, त्याला फोल्डरची मालकी आणि परवानग्या अगदी त्याच्या मनासारख्या लागतात आणि तिथे चोन (मालक बदलायची कमांड) करून काही बदलत नाही.

फाइल सेव्ह केल्यावर आपोआप रीलोड होतं का हा पुढचा प्रश्न येईलच. जँगोचं होतं, कारण त्याचा साधा रीलोडर दर सेकंदाला फाइलींच्या वेळा तपासत बसतो. पण फ्रंटएंडची टूल्स इनोटिफायवर (फाइल बदलल्याची खबर देणारी लिनक्सची सोय) अवलंबून असतात आणि विंडोजमधून केलेल्या बदलाची खबर इनोटिफायपर्यंत येतच नाही, तिथे वॉचरला पोलिंग (ठरावीक वेळाने स्वतः तपासणं) चालू करून द्यावं लागतं.

आणि लाइन एंडिंग!! विंडोजवर गिट घेताना डीफॉल्ट सेटिंगने सगळ्या फाइली सीआरएलएफ (ओळीच्या शेवटी विंडोजची दोन अक्षरं, लिनक्सचं एकच एलएफ) होतात, मग तुझी प्रोव्हिजनची (व्हीएम उभी राहताना सगळं टाकणारी) शेल स्क्रिप्ट व्हीएममध्ये चालवली की कमांड सापडत नाही असं म्हणते, आणि स्क्रीनवर बघावं तर कमांड अगदी बरोबर लिहिलेली असते. शेवटचं ते न दिसणारं अक्षर असतं. रेपोत गिटॲट्रिब्यूट्सची फाइल टाकून शेल आणि पायथनच्या फाइलींना एलएफ सक्तीचं कर, एडिटरमध्ये खाली उजवीकडे पण दिसतं ते.

ओझरचा_पोरगा

ताई, काका, सातपूरवाले दादा, तिघांना साष्टांग 🙏 डिस्ट्रॉय करून बेंटोच्या बॉक्सवर नव्याने उभं केलं, ०.०.०.०:८००० दिलं आणि पान लगेच आलं. कासव ठेवलंय, २०४८ मध्ये मस्त चाललंय, काही जाणवत नाही.

सर्व्हरवर पोस्टग्रेस असणारे म्हणून एसक्यूलाइट सोडून व्हीएममध्ये पण पोस्टग्रेस टाकलं. युजर बनवला, डेटाबेस बनवला, सगळे अधिकार देणारी ग्रँट ऑलची ओळ पण चालवली, तरी मायग्रेट (जँगोची टेबलं बनवायची कमांड) केलं की पब्लिक स्कीमासाठी (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) परवानगी नाही म्हणतंय. जुन्या ब्लॉगमध्ये तर एवढंच करायला सांगितलंय.

पीडीएफ बनतेय पण 'द्राक्ष' च्या जागी नुसते चौकोन येतात. इंग्रजी आकडे नीट दिसतात.

आणि अजून एक मोठा विषय, शेडवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याला मागे सीरियल पोर्ट आहे आणि यूएसबी कन्व्हर्टर लावून तो कॉम्प्युटरला जोडता येतो. तो यूएसबी व्हीएमच्या आत कसा द्यायचा? वजन थेट फॉर्ममध्ये यायला पाहिजे, काकांचा सगळा जीव त्यातच आहे.

टर्मिनल_सातपूर

पोस्टग्रेसचं सांगतो. ब्लॉग जुना आहे एवढंच. पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये टेबल बनवायचा अधिकार सगळ्यांना आपोआप मिळत नाही, आधी मिळायचा. उबंटू २४.०४ मध्ये १६ येतं. डेटाबेसवर ग्रँट ऑल दिलं तरी ते डेटाबेसपुरतं, स्कीमाचं वेगळं. सोपा मार्ग म्हणजे डेटाबेस बनवतानाच त्याचा ओनर तुझा जँगोचा युजर कर, मालकाला पब्लिकमध्ये सगळं करता येतं. बनवून झाला असेल तर अल्टर डेटाबेस करून ओनर बदल, डेटा काही नसेलच आत्ता.

विंडोजवरून टेबलं बघायला काही ग्राफिकल टूल वापरत असशील तर ५४३२ फॉरवर्ड करत बसू नकोस, त्या टूलमध्ये एसएसएच टनेल असतं, व्हेग्रंट एसएसएच-कॉन्फिग म्हटलं की पोर्ट आणि की कुठे आहे ते छापून येतं, तेवढं भर.

कोडवाली_ताई

चौकोन म्हणजे व्हीएममध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही. सर्व्हर उबंटूत फॉन्ट जवळपास नसतातच, आपण विंडोजवर आयुष्य काढलेलं असतं म्हणून लक्षात येत नाही. एपीटीने फॉन्ट्स-नोटो-कोअर टाक, नाहीतर छोटं पाहिजे असेल तर फॉन्ट्स-लोहित-देवा. मग एफसी-लिस्टला मराठी भाषा देऊन विचार, यादीत नाव आलं की सीएसएसमध्ये तेच नाव फॉन्ट फॅमिलीत दे. 'द्राक्ष' मधला द्र आणि क्ष नीट जोडला जातोय का ते मुद्दाम मोठं करून बघ, 'क्रेट', 'शेतकऱ्याचे', 'वार्षिक' हे पण टाकून बघ. वीझीप्रिंट पँगोकडून अक्षरं जुळवून घेतं म्हणून रफार-बिफार जागेवर येतात, तू निवडलंयस ते बरोबर निवडलंयस.

हे सगळं, म्हणजे पँगोची पॅकेजेस, फॉन्ट, पोस्टग्रेस, हाताने नको टाकूस, प्रोव्हिजनच्या स्क्रिप्टमध्ये लिही. जानेवारीत सर्व्हरवर जाताना त्यातल्या निम्म्या ओळी तशाच चालतील. नाहीतर इथे पावती सुंदर आणि तिथे पहिल्याच शेतकऱ्याला चौकोन.

आणि पावतीवरची वेळ बघितलीस का? नवीन जँगो प्रोजेक्टचा टाइम झोन यूटीसी असतो, पावती साडेपाच तास मागची निघेल. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता कर, पण यूज टीझेड (वेळेबरोबर टाइम झोन सांभाळणारं सेटिंग) चालूच ठेव, डेटाबेसमध्ये यूटीसीच जाऊ दे. सकाळी सातला आलेल्या मालावर रात्री दीडची वेळ छापली तर काका तुला माल उचलायला लावतील. आणि हो, झाकण बंद करून लॅपटॉप झोपवलास आणि परत उघडलास की कधीकधी व्हीएमचं घड्याळ मागे राहतं, विचित्र काही दिसलं तर आधी आत डेट टाइप करून बघ. लाइट जायची वेळ असेल तर झोपवण्यापेक्षा व्हेग्रंट हॉल्ट बरं.

सर्व्हरकाका

काट्याबद्दल जरा वेगळं बोलतो, राग मानू नकोस.

व्हीएममध्ये देता येतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी फिल्टर असतो, त्या कन्व्हर्टरची ओळख टाकली की विंडोजकडून काढून तो व्हीएमला मिळतो, आत टीटीवाययूएसबी० म्हणून दिसतो, तुझ्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकावं लागतं, मग पायसीरियल लायब्ररीने वाचायचं. प्रयोग म्हणून एका संध्याकाळचं काम आहे.

पण विचार कर, जानेवारीत तुझा जँगो कुठे असणारे? कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. आणि काटा पिंपळगावला शेडवर. त्या सर्व्हरला तू यूएसबी कुठून लावणार? म्हणजे जँगोच्या आत काटा वाचायचा कोड आज लिहिलास तर तो तुझ्या लॅपटॉपवर चालेल आणि खऱ्या जागी कधीच चालणार नाही. व्हीएम सर्व्हरसारखी ठेवायची म्हणतोस ना, मग सर्व्हरला जे मिळणार नाही ते तिला पण देऊ नकोस.

काटा ज्या कॉम्प्युटरला लागणार त्यानेच वाचला पाहिजे. दोन रस्ते आहेत. एक, शेडवरच्या विंडोज मशीनवर छोटी पायथन स्क्रिप्ट, कॉम पोर्टवरून वजन वाचते आणि तुझ्या ॲपला पाठवते. दुसरा, क्रोममध्ये वेब सीरियल आहे, पानावरच्या जावास्क्रिप्टमधून थेट पोर्ट उघडता येतं, माणसाने एकदा बटण दाबून परवानगी द्यायची. ती सोय फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर मिळते, म्हणजे डेव्हलपमेंट करताना लोकलहोस्ट:८००० नेच उघडायचं, १९२.१६८ वाल्या पत्त्याने उघडलंस तर ती गायब झालेली दिसेल आणि डोकं खाजवत बसशील.

मी पहिला रस्ता घेईन. पॅकहाउसला मधेच इंटरनेट जातं, स्क्रिप्ट असेल तर वजनं तिथेच फाइलमध्ये साठवून नंतर पाठवता येतात, ट्रॅक्टर रांगेत उभे ठेवता येत नाहीत. काट्याचा बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) आणि एका ओळीत काय काय पाठवतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत असतं, नसेल तर टर्मिनल प्रोग्रॅमने पोर्ट उघडून एक रिकामा क्रेट ठेवून बघ, आकडे वाहताना दिसतात. बहुतेक काटे वजन स्थिर झालंय की नाही याची एक खूण पण पाठवतात, ती वाच, नाहीतर क्रेट आपटल्याबरोबरचं हलतं वजन पावतीवर जाईल आणि भांडण तुझ्या दारात येईल.

ओझरचा_पोरगा

काका हे डोक्यातच आलं नव्हतं, कोड सर्व्हरवर आणि काटा शेडवर. स्क्रिप्टचंच करतो. शेडवर नेट खरंच जातं, त्यामुळे साठवून पाठवायचं पण लागेलच.

बाकी ओनर बदलल्यावर मायग्रेट झालं, फॉन्ट टाकल्यावर पावती आली, द्राक्ष आणि शेतकऱ्याचे दोन्ही नीट. काकांना स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे 'एकूण वजन' च्या आधी क्रेटचं वजन वजा केलेलं दाखव, बाकी काय केलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आता व्हीएममध्ये थोडा खरा डेटा टाकलाय, व्यापाऱ्यांची नावं, क्रेटचे प्रकार. डिस्ट्रॉय केलं की हा जाणार ना?

टर्मिनल_सातपूर

जाणार, पूर्ण. डिस्ट्रॉयच्या आधी पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) करून फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये काढायची, ती विंडोजच्या डिस्कवर राहते, नवीन मशीनमध्ये तीच परत ओतायची. आणि तो फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाक, व्यापाऱ्यांचे फोन नंबर रेपोत नकोत. क्रेटच्या प्रकारांसारखा जो डेटा नेहमी लागणारच आहे तो डंपमध्ये न ठेवता जँगोच्या फिक्स्चरमध्ये (तयार डेटाची फाइल) किंवा डेटा मायग्रेशनमध्ये ठेव, सर्व्हरवर पण लागेल तो.

नवा_भिडू

मी डब्ल्यूएसएलवर कोड सी ड्राइव्हमध्येच ठेवला होता आणि नोडचं बिल्ड रखडायचं, ताईंचं वाचून कोड लिनक्सच्या होममध्ये हलवला तर पळायला लागलं. तिथे पण तीच गंमत आहे तर.

एक विचारायचं होतं, माझ्या भावाकडे एम-टू चिपचा मॅक आहे, त्याला हीच व्हेग्रंटफाइल चालेल का?

सर्व्हरकाका

फाइल चालेल, पण बॉक्स आर्मचा (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीची चिप) लागेल. त्या चिपवर व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून चालतं आणि आत आर्मचंच लिनक्स घेतं, इंटेलवाला बॉक्स तिथे उभा राहणार नाही. बेंटोच्या बॉक्सच्या पानावर आर्म ६४ आहे का आणि कुठल्या प्रोव्हायडरसाठी आहे ते बघूनच उतरव. नाहीतर त्याला नुसतं मल्टिपास (उबंटूच्या व्हीएम चालवणारं टूल) टाकायला सांग, आत उबंटूच मिळतं, आणि प्रोव्हिजनची स्क्रिप्ट तीच चालव, त्यात युजरचं नाव व्हेग्रंट असं कुठे ठोकून लिहिलेलं असेल तेवढं बदलावं लागेल, मल्टिपासमध्ये युजर उबंटू असतो.